वरचा दगड आमचा

आमच्या घरात ‘माझं’ हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला तो एका छत्रीमुळे. तोवर घरातली प्रत्येक वस्तू घराची होती, म्हणजे खरं तर बाबांची होती, पण तसं कोणी बोलून दाखवत नसे. बाबा थोरले आणि काका धाकटे. आजोबा लवकर गेले, म्हणून काकांना बाबांनीच वाढवलं, आणि ही गोष्ट बाबा कधी विसरले नाहीत व काकांनाही त्यांनी विसरू दिली नाही. काका एकदा कारंज्याला गेले आणि येताना काळ्या कापडाची, वाकड्या मुठीची छत्री घेऊन आले. गावात तेव्हा छत्री फक्त मास्तरांकडे होती. बाकी सगळे पावसात घोंगडी पांघरत. काकांनी ती ओसरीत उघडून दाखवली, मिटून दाखवली, पुन्हा उघडली. बाबांनी दुसऱ्या दिवशी ती सहज काखेत मारली आणि वावरात गेले. घरात आलेली वस्तू, घरच्या कर्त्याने नेली, त्यात विचारायचं काय? संध्याकाळी परतले ते रिकाम्या हाताने. छत्री धुऱ्यावरच्या बाभळीला टांगून विसरले होते.

जेवताना काका म्हणाले, “दादा, माई छत्री कोठी हाय?”

बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. “तुयी?” ते म्हणाले. “या घरात तुयं-मायं कदीपासून निंगालं रे?”

छत्री दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळीवर जशीच्या तशी सापडली. तिला काही झालं नव्हतं. झालं ते घराला. माझ्या नातवंडांना ही गोष्ट सांगते तेव्हा ती हसतात. त्यांच्यात प्रत्येकाचं वेगळं कपाट आहे, प्रत्येक कपाटाला वेगळी किल्ली आहे, आणि भांडण मात्र आमच्याहून एक गुंजभर कमी नाही.

आमचं गाव शेलूबाजारापासून बैलगाडीने अर्ध्या सकाळच्या वाटेवर. घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर, मध्ये मोठं आंगण, आंगणाच्या दोन्ही बाजूंना खोल्या. पूर्वेकडे काका-काकू निजत, पश्चिमेकडे आम्ही. आम्ही म्हणजे बाकीचे, मी नव्हे. माझ्या पाठीवर मायला लागोपाठ तीन लेकरं झाली. मायची कूस नेहमी भरलेली आणि मांडी कधी रिकामी नाही, म्हणून मला काकूने उचललं ते उचललंच. काकूला मूल झालं नाही. गावाने तिला त्याबद्दल जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं होतं, अगदी माझ्यादेखत. पण मी तिच्या गोधडीत निजत असे, तिच्या हातचा घास खात असे, आणि कोणी विचारलं की तू कोणाची, तर काकूची म्हणून सांगत असे. मायला त्याचं वाईट वाटत असेल का, हा विचार माझ्या मनात आला तो मी स्वतः आई झाल्यावर.

काकूच्या खोलीत एक मोठी ढोली होती. बांबूची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली, माझ्या दीडपट उंच. तीत जवारी आणि जवारीत कडुनिंबाचा पाला. ढोली ओलीला लागू नये म्हणून खाली गोल दगडाची बैठक होती, तीही लिंपलेली. उन्हाळ्यात सगळं घर तापायचं तेव्हा मी त्या बैठकीला पाठ लावून बसायची. गार लागे. दर दिवाळीला काकू ढोली लिंपताना त्या बैठकीवरून दोनदा हात फिरवायची. मी म्हणे, एकदा झालं ना. ती म्हणे, “बुड मजबूत पायजे, यमुने.”

त्याच बाजूला, मागच्या खोलीत, जातं होतं. खालचा दगड जमिनीत मातीने पक्का बसवलेला, वरचा त्यावर फिरणारा. माय आणि काकू पहाटे समोरासमोर बसून एकाच खुंट्याला दोघींचे हात लावून दळत. ती घरघर हा माझ्या लहानपणाचा पहिला आवाज. घरघर चालू असली की मी झोपेत निर्धास्त असे, आणि थांबली की जाग येई. दोघी ओव्या म्हणत त्या बहुतेक भावाच्या. भाऊ बहिणीला न्यायला येतो, भाऊ लुगडं घेतो, भाऊ घोड्यावरून उतरतो. घरातले दोघे खरे भाऊ मात्र त्या वेळी घोरत असत.

छत्रीनंतर महिन्याभरात वाटणी ठरली. आमच्याकडे वाटणीची रीत अशी की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने उचलायचे. आपल्या वाट्याला काय येणार हे थोरल्याला ठाऊक नसतं, म्हणून तो वाटे सारखे करतो. ज्या कोणी ही रीत काढली तो शहाणाच असला पाहिजे, पण त्याने माझ्या बाबांना पाहिलं नव्हतं. बाबांना एकच भीती. गावाने म्हणू नये, की मोठ्याने चांगलं चांगलं आपल्याकडे ओढलं. त्या भीतीने त्यांची झोप गेली. आठवडाभर ते घरभर हिंडत होते, भांडी उलटीसुलटी करून पाहत होते, दोन तांबे शेजारी ठेवून वाकून वाकून कोणता जड ते हातात तोलत होते.

पंच म्हणून गावातले दोघे आणि शेलूबाजारचे अब्बासचाचा आले. चाचांचं तिथे किराण्याचं दुकान होतं आणि दोन्ही भावांवर त्यांचा सारखा जीव होता. आंगणात दोन ढीग मांडले. इकडे एक, तिकडे एक. चाचा काठी टेकत दोन्ही ढिगांभोवती फिरले, मग पुन्हा फिरले.

“भाऊ,” ते बाबांना म्हणाले, “पाटा इकडे हाय न वरवंटा तिकडे. मिरच्या बाया कायनं वाटतीन, कोपरानं?”

“बराबरी पायजे चाचा,” बाबा म्हणाले. “पाटा जड. वरवंटा त्याच्याहून हलका, म्हनून वरवंट्यासंग घमेलं देल्लं.”

खरोखर तसंच होतं. उखळ एका वाट्यात, मुसळ दुसऱ्यात. चांद्या बैल एकात, बांड्या दुसऱ्यात. कोणी म्हणू नये की जोडी थोरल्याने ठेवली! वखर इकडे, त्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, तिकडे. विहिरीचे दिवस वाटले, मोट एकाची आणि ती ओढायचा नाडा दुसऱ्याचा. पश्चिमेच्या खोल्यांसोबत जात्याचा वरचा दगड, पूर्वेच्या खोल्यांसोबत खालचा, कारण खालचा जमिनीतून निघत नव्हता. इतकं न्यायी वाटप आमच्या मुलखात त्याआधी झालं नसेल आणि नंतर होऊ नये. एकाही वाट्यावर एक दिवस संसार चालला नसता.

“अल्ला,” चाचा म्हणाले, “आन् ये?” त्यांनी काठी माझ्याकडे रोखली. मी ओसरीत काकूच्या मांडीवर बसले होते. काकूचा हात माझ्या पोटावरून घट्ट झाला.

बाबा गोंधळले. त्यांच्या हिशेबात मी नव्हतेच. मग म्हणाले, “पोरीचं काय? लेकीले वाटा नसते.”

मुलीला वाटा मिळत नाही हे मला त्या वयातही ठाऊक होतं. मुलगी वाट्यातही धरत नाहीत, हे त्या दिवशी कळलं. मला त्याचा फार राग आला. घमेलं धरलं होतं.

आता उचलायची पाळी काकांची. छत्री पश्चिमेच्या वाट्यात ठेवलेली होती, सगळ्यांत वर, सगळ्यांना दिसेल अशी. बाबांना वाटलं असावं, धाकटा तोच वाटा घेईल आणि भांडण मिटेल. काकांना वाटलं, तो वाटा घेतला तर गाव म्हणेल, छत्रीसाठी घर फोडलं. त्यांनी छत्रीकडे पाहिलंसुद्धा नाही. पूर्वेच्या ढिगावर हात ठेवला आणि म्हणाले, “हे.” अशा तऱ्हेने काकांची छत्री कायमची बाबांची झाली. बाबांनी ती खुंटीला लावली आणि जन्मात कधी उघडली नाही. पुढे उंदरांनी कापड खाल्लं, तेवढाच तिचा उपयोग झाला.

वाटणीनंतर दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं सोडलं, आणि त्याच दिवसापासून त्यांना एकमेकांशी जितकं काम पडलं तितकं एकत्र असताना कधी पडलं नव्हतं. एका बैलाने वखरणी होत नाही. नाड्याशिवाय मोट चालत नाही. मग निरोप आले, आणि निरोपी मी झाले. दोघे आंगणात हाकेच्या काय, हाताच्या अंतरावर उभे असत.

“यमुने, तुया काकाले सांग, उद्या बांड्या पायजे.”

मी दोन पावलं वळायची. “काका, बाबा म्हनते उद्या बांड्या पायजे.”

“तुया बाबाले म्हन, बांड्याच्या पायाले खडा लागला.”

“मले ऐकू आलं,” बाबा म्हणत, मलाच. “त्याले सांग, चुना न हयद लाव.”

काकूची अडचण निराळी. धाकटी जाऊ भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नसे. बाबांची चाहूल लागली की तिचा पदर कपाळावर येई आणि शब्द घशात जाई. लग्न होऊन आल्यापासून तिने बाबांशी एक शब्द बोललेला कोणी ऐकला नव्हता. म्हणजे त्या घरात आता दोघे भाऊ रागाने मुके होते आणि काकू रीतीने मुकी होती, आणि सगळ्यांचं बोलणं माझ्या तोंडून चाललं होतं. वाट्यात मला कोणी धरलं नव्हतं, पण मी नसते तर दोन्ही वाटे उपाशी मेले असते.

जात्याचं काम सगळ्यांत अवघड. बाबांचा नेम असा की आपली वस्तू आपल्या घरात असावी. दळण झालं की वरचा दगड पश्चिमेला परत आला पाहिजे. माय पहिल्या दिवशी म्हणाली, “राहू द्या ना तिकडे, त्याले कोन खाऊन राह्यलं?” बाबा म्हणाले, “आज दगड राहीन, उद्या म्हनतीन दगड आमचाच.” तेव्हापासून रोज पहाटे माय आणि काकू दगडाच्या मधल्या भोकातून दोर ओवत, दोर काठीला बांधत, काठी दोन खांद्यांवर घेत आणि डोलीसारखा तो दगड आंगणातून नेत. दळून झालं की तशाच परत आणत. मी खुंटा हातात घेऊन मागून चालायची. वरात म्हणावी तर वरात. खरं सांगू, दोघी कुरकुर करत, पण चालता चालता हसतही. दळताना तर आता त्यांच्या गप्पा आधीपेक्षा लांबू लागल्या. एकत्र घरात त्यांना बोलायला इतकं कधी मिळालं नव्हतं.

मग पावसाळ्याच्या आधी काकांनी आंगणात भिंत घालायला घेतली. पंचांनी रेघ मारलीच होती. माती कालवली, तुडवली, थरावर थर चढू लागले. पहिल्या दिवशी मी भिंतीवरून उडी मारून काकूकडे गेले. तिसऱ्या दिवशी चढून गेले. नंतर मला काकूचं फक्त डोकं दिसायला लागलं. एका टोकाला माणूस जाईल एवढी फट राहिली होती, ती शेवटच्या दिवशी बुजायची होती. बाबांनी मला बोलावून सांगितलं, “भिंत झाली का तू इकडेच निजायचं. तिकडे जाणं बंद. मोठी झाली आता.” मी काकूला सांगितलं. तिला वाटलं होतं की मी रडेन. मी रडलेच नाही, तीच रडली. चुलीपुढे बसून, धुराचं निमित्त करून. चुलीत तेव्हा नुसते निखारे होते. त्या दिवशी तिने अंबाडीची भाजी केली होती, माझ्या आवडीची, लसणाची फोडणी देऊन. माझ्या पानात भाकरीवर इतकं तेल ओतलं की ते बाहेर वाहिलं. मला तेव्हा कळलं की हे काहीतरी शेवटचं चाललं आहे.

फट बुजायच्या आदल्या सकाळी माय बाबांपुढे उभी राहिली. माझी माय फार बोलणारी बाई नव्हती. म्हणाली, “भिंत झाल्यावर दगड कुठून न्याचा?”

“गल्लीनं न्या,” बाबा म्हणाले.

“बरं,” माय म्हणाली.

एरवी दळण पहाटे अंधारात व्हायचं. दुसऱ्या दिवशी झालं नाही. घरघर ऐकू आली नाही म्हणून मला लवकर जाग आली, फटीतून मायकडे आले, तर ती निवांत केस विंचरत बसलेली. ऊन आंगणात आलं, गुरं सुटली, मारुतीच्या पाराजवळ रोजची माणसं जमून चिलमी पेटल्या, आणि मग माय उठली. काकू मागच्या दाराने येऊन उभीच होती. दोघींनी डोक्यावरून पदर घेतले, दगड काठीला बांधला, काठी खांद्यावर घेतली आणि पुढच्या दाराने भर गल्लीत निघाल्या. पूर्वेच्या खोल्यांचं दार गल्लीत डावीकडे, वीस पावलांवर. त्या उजवीकडे वळल्या. पाराला पूर्ण वळसा घालून. मी खुंटा उभा धरून मागे, मला वाटलं सण आहे.

पारावरचं बोलणं थांबलं. चांगल्या खात्यापित्या घरच्या दोन सुना, खांद्यावर जात्याचा दगड. एका म्हाताऱ्याला राहवेना, तो बोललाच, “काय वो माय, जातं इकाले काढलं का?”

माय थांबली. दगड झुलत होता. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा मऊ आवाजात म्हणाली, “नाई जी. दयाले चाललो. खालचा दगड देराच्या वाट्यात हाय, वरचा आमच्या. आता रोज हे असंच.”

कोणीतरी फसकन हसलं. मग सगळा पारच हसला. तो हसण्याचा आवाज आमच्या वावरापर्यंत गेला असावा, कारण दुपार व्हायच्या आत दोघे भाऊ घरी आले होते. बाबा लाल झाले होते, काका काळे पडले होते. बाबांनी कुदळ घेतली, काकांनी फावडं. कुदळ आमच्या वाट्याची, फावडं त्यांच्या. आणि फट बुजवायच्या ऐवजी दोघांनी ती मोठी केली. मायला आणि काकूला काठी खांद्यावर घेऊन फटीत उभं केलं, दोन्हीकडून वीत वीत मोकळी राहील असं मोजलं, आणि मग कडा लिंपून टाकल्या. गावाने कितीतरी दिवस विचारलं, भिंतीला हे भगदाड कशाचं? बाबा सांगत, दगडाचं.

त्या भगदाडातून मी वाढले. सकाळी काकूकडून मायकडे, संध्याकाळी मायकडून काकूकडे. दगड जाऊ शकतो तर पोरगी का नाही, असं बाबांना कोणी विचारलं नाही, त्यांनीही स्वतःला विचारलं नसावं. न्यायी माणसं फार बारीक विचार करतात, म्हणून कधी कधी मोठी गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटते. पुढे शेलूबाजारात पिठाची गिरणी आली. काका एकदा माझ्यामार्फत म्हणाले, आता जात्याचं काय काम, ती वाट बुजवून टाकावी. माय आणि काकू दोघी एकदम म्हणाल्या, गिरणीचं पीठ गरम राहते, भाकर चिरते. पुरुषांनी मुकाट्याने न चिरलेली भाकर खाल्ली, ठेच्यासोबत, आणि वाट राहिली.

माझं लग्न ठरलं ते आमच्याच मुलखातल्या मालेगावकडचं. त्या काळच्या मानाने उशिराच. काकू दर स्थळात खोट काढायची. पाठवणीच्या सकाळी मी तिच्या खोलीत गेले तर ढोली रिकामी करून आडवी पाडलेली. ओल्या फडक्याने काकू खालची बैठक पुसत होती. वर्षानुवर्षांचं लिंपण विरघळून निघत होतं, आणि त्यातून गोल काळा दगड वर येत होता. मग त्याच्याखाली दुसरा. मधलं भोक, खुंट्याची खोबण, टाकीचे घाव अजून ताजे. अखंड, न वापरलेलं जातं.

“मायेरून आलं होतं,” काकू म्हणाली, “आंदनात. घरी एक होतंच, मंग हे ढोलीखाली घातलं.”

मी तिच्याकडे पाहत राहिले. पंच आले तेव्हा ते तिथेच होतं. रोज पहाटे दोघी खांद्यावर दगड वाहून नेत होत्या तेव्हा ते तिथेच होतं, मी त्याला पाठ लावून बसत होते. तिने तोंडातून एक शब्द काढला असता तर दुसऱ्या दिवशी भिंत पुरी झाली असती. आणि मायला ठाऊक नव्हतं असं मी कसं म्हणू? काकूच्या आंदणाची गाडी उतरवून घेणारी मायच होती. माय दारात येऊन उभी राहिली, जात्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, “जड हाय. थांब, काठी आणतो.” मी दोघींच्या गळ्यात पडले आणि इतकी रडले की बाहेर वऱ्हाड्यांना वाटलं पोरीला सासरी जायचं नाही. खरंच जायचं नव्हतं.

गाडी काका जुंपत होते. चांद्या आणि बांड्या आता म्हातारे झाले होते, पण पाठवणीला जोडी हीच, असं दोघांनी माझ्यामार्फत ठरवलं होतं. गाडीत काय भरलं ते पाहायला बाबा आले. भरलेली गाडी तपासल्याशिवाय त्यांनी कधी सोडली नाही. ट्रंक, हंडा, परात, गोधड्या. मग त्यांचा हात दगडावर पडला आणि थांबला. दुसरा हात दुसऱ्या दगडावर गेला.

“हे जातं कोनाचं?” ते म्हणाले.

काकांनी मान वर केली, पाहिलं, आणि त्यांना आठवलं असावं. त्यांचा हात जुवाच्या दोरावर तसाच राहिला. मी तोंड उघडणार, निरोपाचं काम माझंच, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. डोक्यावर पदर तसाच होता, पण आवाज स्पष्ट होता.

“माह्या मायेरचं,” काकू बाबांना म्हणाली. “आता यमुनीचं.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी उघड्या दारातून आंगणाकडे पाहिलं, भिंतीतल्या त्या वाटेकडे, तिच्या कडा आमच्या येण्याजाण्याने घासून गुळगुळीत झाल्या होत्या. मला वाटलं, आता ते रागावतील. त्यांचा सगळा जन्माचा न्याय चुकला होता आणि ते त्यांना पाठवणीच्या गाडीशी उभं राहून कळलं होतं. मग त्यांनी उपरण्याने दगडावरची ओली माती पुसली. ‘काकाले सांग’ म्हणायला ते माझ्याकडे वळले नाहीत. सरळ काकांना म्हणाले,

“गाडी हळू चालवजो रे. न दोनी दगड जोळजोळ बांध. एक इकडे, एक तिकडे होऊ देऊ नोको.”